तहांच्या वाटेवरचं बेंबळी

धाराशिवहून बेंबळी जवळ आहे. गाडीने निघालं तर तास पुरतो. मी मात्र बेंबळीची वाट जामखेडकडून धरली. आधी खर्डा, मग भूममार्गे धाराशिव, मग बेंबळी आणि शेवटी तुळजापूरवरून नळदुर्ग. नकाशावर हा उगाच घातलेला वळसा दिसतो, पण तहांच्या इतिहासात हीच वाट सरळ आहे. १९१४ साली युरोपात पेटलेल्या युद्धात निजामाच्या राज्यातला हा मुलूख कोणत्या कागदांमुळे ओढला गेला, ते मला त्या त्या जागी उभं राहून समजून घ्यायचं होतं.

पहिल्या महायुद्धाची कारणं म्हटली की आपल्याला सारायेव्हो आठवतं, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आठवतो आणि २८ जून १९१४ च्या गोळ्या आठवतात. युरोपासाठी ते ठीकच. पण मराठवाड्याच्या बाजूने ही गोष्ट सांगायची तर ती त्याआधी सव्वाशे वर्षांपासून सांगावी लागते, आणि तिची सुरुवात खर्ड्याला होते.

खर्डा अहिल्यानगर जिल्ह्यात असलं तरी धाराशिव जिल्ह्याच्या शिवेवरच आहे. किल्ला भुईकोट, चौकोनी, आटोपशीर. निंबाळकरांनी बांधलेला, हे निंबाळकर निजामाच्या पदरचे मोठे सरदार. अलीकडे तिथे उभारलेला उंच भगवा ध्वज लांबून दिसतो आणि गाडीवाल्याला रस्ता विचारावा लागत नाही. दरवाज्यातून आत गेलं की मोकळं पटांगण आणि चारी बाजूंनी जाड तट. तटावर चढलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की एवढ्याशा किल्ल्यात एक भलीमोठी फौज, तिचे हत्ती, तोफा आणि स्वतः निजामाचा जनाना अडकून पडला तर काय होईल. ११ मार्च १७९५ च्या लढाईनंतर नेमकं तेच झालं. पेशव्यांची, शिंद्यांची, होळकरांची, नागपूरकर भोसल्यांची अशी सगळी मराठी फौज एकत्र आली होती. नाना फडणविसांची मसलत आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचं सेनापतिपद. निजाम अली खान मागे हटून या किल्ल्यात शिरला, बाहेरून वेढा पडला, पाणी आणि दाणागोटा तुटला. काही दिवसांतच त्याला तह करावा लागला. दौलताबादसह मोठा मुलूख, कोट्यवधींची खंडणी आणि आपला दिवाण मुशीर-उल्-मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करणं, एवढं त्याने कबूल केलं.

आपल्याकडे खर्ड्याची आठवण विजय म्हणून सांगतात, आणि तो होताच. पण या लढाईत जे लढलेच नाहीत, त्यांच्याकडे मला जास्त लक्ष द्यावंसं वाटतं. १७९० साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांनी एकत्र येऊन करार केला होता. निजामाचा समज असा की इंग्रज आपले दोस्त, ते मदतीला धावतील. गव्हर्नर जनरल सर जॉन शोर याने हात वर केले. करार टिपूविरुद्धचा आहे, मराठ्यांविरुद्धचा नाही, असं त्याचं म्हणणं. निजामाकडे ठेवलेल्या कंपनीच्या दोन पलटणीही लढाईत उतरल्या नाहीत.

त्या रागात निजामाने इंग्रजी पलटणी परत पाठवल्या आणि रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली आपली फौज वाढवली. तेव्हा युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स यांचं युद्ध जुंपलेलं होतं. हैदराबादेत फ्रेंच फौज म्हणजे इंग्रजांच्या दृष्टीने दाराशी आलेला शत्रू. लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून येताच त्याने हे आधी निस्तरलं. १ सप्टेंबर १७९८ ला निजामाने तैनाती फौजेचा तह केला, आणि त्याच वर्षी फ्रेंच पलटणी मोडून टाकण्यात आल्या. मग १८०० चा तह आला. कंपनीला न विचारता निजामाने दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, आणि बदल्यात कंपनी त्याचं रक्षण करणार. युद्ध कोणाशी करायचं आणि तह कोणाशी, हे ठरवण्याचा अधिकार हैदराबादेतून गेला तो तेव्हा. खर्ड्याच्या मैदानात मराठे जिंकले, पण त्या पराभवाने निजामाला इंग्रजांच्या पदरात टाकलं. पुढची दीडशे वर्षं तो तिथून सुटला नाही. मराठ्यांना स्वतःलाही त्याचा फटका बसायला दहा वर्षं लागली नाहीत.

खर्ड्याहून भूमकडे रस्ता बालाघाटाच्या माथ्यावरून जातो. दोन्ही बाजूंना तूर काढून झालेली रानं, मधेच ज्वारीचे हिरवे पट्टे. वाटेत भूमला चहा घेतला आणि दुपारपर्यंत धाराशिव गाठलं. शहराचं जुनं नाव धाराशिव. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून ते उस्मानाबाद झालं आणि २०२३ साली शासनाने पुन्हा धाराशिव केलं. एस.टी. स्थानकात मात्र दोन्ही नावं ऐकू येतात. हा मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. पुढच्या गोष्टीत तो महत्त्वाचा आहे.

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव. पोलीस ठाणं आहे, बाजार आहे, आसपासच्या खेड्यांची ये-जा आहे. मी गेलो तेव्हा ज्वारी हुरड्यात होती. गावाबाहेर एका शेतात आगटी पेटलेली, त्यात कणसं भाजायला घातलेली. शेतकऱ्याने एक कणीस उचलून तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि कोवळा हिरवा हुरडा माझ्या ओंजळीत टाकला. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, जुन्या राजवटीबद्दल घरात काय बोलायचे?

"आमच्या आज्याच्या तोंडी सारखं मोगलाईच असायची," ते म्हणाले. "हिकडं मोगलाई, अन् सोलापूरकडं गेलं की इंग्रजी लागायची. सारा मात्र दोन्हीकडं सारखाच बसायचा."

मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. साऱ्याचा विषय त्यांनी आपण होऊन काढला, आणि मी बेंबळीला आलो होतो तो साऱ्यासाठीच.

निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक वेगळी फौज वाढत गेली होती. तिला हैदराबाद कंटिन्जंट म्हणत. तिचा पगार निजामाला परवडेना, थकबाकी चढत गेली, कर्ज पन्नास लाखांच्या घरात गेलं. मग लॉर्ड डलहौसीच्या काळात, २१ मे १८५३ रोजी, निजाम नासिर-उद्-दौला याला नवा तह करावा लागला. कंटिन्जंटचा खर्च भागवण्यासाठी त्याने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला. सही झाल्यावर आठवड्याच्या आत त्याचा दिवाण सिराज-उल्-मुल्क वारला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाण झाला. फौज तर आता निजामाचीही राहिली नाही. ती इंग्रज सरकारची झाली.

म्हणजे १८५३ पासून बेंबळीच्या परिसरातल्या या काळ्या रानात पिकलेल्या ज्वारीवरचा सारा तिथल्या राजाच्या खजिन्यात जात नव्हता, की गावाच्या तळ्या-विहिरींसाठीही नव्हता. तो एका तहाच्या कलमाप्रमाणे घोडदळाच्या आणि पायदळाच्या पगाराला लागला होता. याच कंटिन्जंटने १८५८ साली इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या हाताखाली झाशी आणि काल्पीच्या मोहिमेत भाग घेतला. ५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० साली धाराशिव आणि रायचूरचा मुलूख त्याला परत मिळाला, कर्जही माफ झालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं. १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं, आणि दुसऱ्या वर्षी कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या पहिल्या लान्सर्स रिसाल्याचं नाव झालं विसावं डेक्कन हॉर्स.

१४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात हेच डेक्कन हॉर्स भाले रोखून उभ्या पिकातून दौडत गेलं. सोबत इंग्रजांचे सातवे ड्रॅगून गार्ड्स होते. समोर हाय वुड नावाचं जंगल, त्यात जर्मन मशीनगन. दोन्ही रिसाले सिकंदराबाद ब्रिगेडमधले. त्यांनी पिकात दडलेले काही जर्मन भाल्याने मारले, काही कैद केले, रात्रभर जागा धरून ठेवली आणि पहाटेपूर्वी मागे आले. ते जंगल पूर्णपणे हाती यायला सप्टेंबरचा मध्य उजाडला.

त्या स्वारांमध्ये बेंबळीकडचे लोक असतील असं मी म्हणणार नाही. तोवर या रिसाल्यात शीख, जाट आणि दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या होत्या. पण ज्या फौजेतून हा रिसाला उभा राहिला, तिच्या ताटात सात वर्षं याच जमिनीचं धान्य होतं. तहाने गावाला युद्धाशी कसं बांधलं जातं, ते मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसलं. सही हैदराबादेत होते, सारा बेंबळीत गोळा होतो आणि घोडे साठ वर्षांनी फ्रान्समध्ये दौडतात.

युरोपातही कागदांनीच हे केलं. १८७९ ला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा करार, १८८२ ला त्यात इटली. दुसऱ्या बाजूला १८९४ पर्यंत फ्रान्स आणि रशिया एकत्र, १९०४ ला इंग्लंड-फ्रान्स समझोता, १९०७ ला इंग्लंड-रशिया. हा शेवटचा करार तर आपल्यामुळेच झाला म्हणायला हरकत नाही. त्यात इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांच्याबद्दलची भांडणं मिटवली होती, आणि त्या भांडणांचं मूळ हिंदुस्थानच्या राखणीत होतं. हिंदुस्थान सुरक्षित राहावा म्हणून इंग्लंडने रशियाशी जमवून घेतलं, आणि सात वर्षांनी रशियाच्या बाजूच्या युद्धात हिंदुस्थानालाच ओढलं. २३ जुलै १९१४ ला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, २८ ला युद्ध पुकारलं, १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध, आणि ४ ऑगस्टला इंग्लंड उतरलं. त्याच क्षणी हिंदुस्थानही. कोणी हिंदुस्थानला विचारलं नाही. निजामाला तर ११४ वर्षांपूर्वीच्या कलमामुळे विचारायचा प्रश्नच नव्हता.

एकदा मात्र विचारावं लागलं. तुर्कस्तानमुळे.

इंग्लंडच्या गोद्यांमध्ये तुर्कांसाठी दोन युद्धनौका तयार होत होत्या, ‘सुलतान उस्मान’ आणि ‘रेशादिये’. त्यांच्यासाठी तुर्की जनतेने वर्गणी गोळा केली होती. ऑगस्ट १९१४ च्या सुरुवातीला इंग्लंडने दोन्ही जप्त केल्या. तुर्कस्तानने २ ऑगस्टलाच जर्मनीशी गुप्त करार केलेला होता. थोड्याच दिवसांत ‘गोबेन’ आणि ‘ब्रेस्लाऊ’ ही जर्मन जहाजं दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून आत आली आणि तुर्की निशाण लावून राहिली. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. ५ नोव्हेंबरला इंग्लंडने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच महिन्यात इस्तंबूलहून जिहादची हाक निघाली. तुर्की सुलतान हा खलिफा. हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी त्याची हाक ऐकली तर इंग्रजांच्या पायाखालची जमीन सरकणार होती.

अशा वेळी हिंदुस्थानातल्या सगळ्यांत मोठ्या मुसलमान संस्थानिकाचा शब्द लाखमोलाचा ठरला. मीर उस्मान अली खानने नोव्हेंबर १९१४ मध्ये जाहीरनामा काढून मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितलं. त्याची स्वतःची फौज, हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स, सुवेझ कालव्यावर तुर्कांसमोर उभी राहिली. जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाबरोबर ती ज्या ब्रिगेडमध्ये होती, त्याच ब्रिगेडने २३ सप्टेंबर १९१८ ला तुर्कांकडून हैफा शहर घेतलं. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन स्वारांपैकी एक हैदराबादचा आहे. निजामाचा पैसाही मोठ्या प्रमाणावर लागला. इंग्लंडच्या हवाई दलातल्या ११० व्या तुकडीची विमानं त्याच्या देणगीतून घेतलेली, म्हणून त्या तुकडीला हैदराबाद हे नाव मिळालं. १९१८ च्या सप्टेंबरपासून ती जर्मनीवर बॉम्ब टाकत होती.

याच तुर्कस्तानच्या युद्धाने मराठी पलटणींची किती माणसं खाल्ली, ते सातारा-कोकणातल्या गावांना विचारावं. १०३ आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणी जनरल टाऊनशेंडच्या फौजेबरोबर इराकमध्ये कूत-अल्-अमारा इथे कोंडल्या गेल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपलं, घोडी कापावी लागली आणि अखेर सगळी फौज कैद झाली. कैदेतून कितीतरी जण परतलेच नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. गावाचं नावच पुढे अपशिंगे मिलिटरी झालं.

तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन मी नळदुर्गाला निघालो. बोरी नदीच्या वळणात हा किल्ला पसरलेला आहे, आणि पाहायला निवांत अर्धा दिवस हाताशी हवा. उपळी बुरुजाच्या उंच पायऱ्या चढल्या की लांबलचक तोफा आणि सगळा मुलूख नजरेखाली. पण नळदुर्गाचा जीव आहे पाणीमहालात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमाराला, नदीवर बांध घालून किल्ला समोरच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याला जोडला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल बांधला. जिना उतरून आत गेलं की उन्हाची तलखी एकदम सरते. दगडाच्या सांध्यांतून पाझर फुटलेला, कोनाड्यात ओल, आणि सज्जातून खाली पाहिलं तर नदीचं पात्र. पावसाळ्यात बांधावरून पाणी दोन ठिकाणांहून कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. तेव्हा हा महाल पाण्याच्या पडद्यामागे असतो आणि आतला माणूस कोरडा राहतो. मी गेलो तेव्हा पाणी वाहत नव्हतं, तरी भिंतीला हात लावला तर गारवा तळव्यातून वर चढत होता.

१८५३ नंतर इंग्रजांचा मुलकी अधिकारी म्हणून या नळदुर्गात राहिला तो फिलिप मेडोज टेलर. पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला, तरुणपणीच निजामाच्या फौजेत नोकरीला लागलेला, ठगांवरच्या इंग्रजी कादंबरीने विलायतेत नाव कमावलेला. त्याने इथे जमिनीची मोजणी केली, रस्ते काढले, आणि पुढे तुळजापूरच्या परिसरात घडणारी ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. माणूस कळकळीचा होता, हे त्याच्या आत्मचरित्रातून दिसतं. पण त्याने नीट बसवलेला सारा शेवटी कंटिन्जंटच्या पगारालाच लागला. चांगल्या कारभाऱ्याच्या हातूनही तहाचं कलमच अमलात येतं.

युद्ध संपता संपता, १९१८ साली, निजामाला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब मिळाला आणि ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त अशी पदवीही. त्या जोरावर त्याने वऱ्हाड परत मागितलं. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं २७ मार्च १९२६ चं उत्तर इतिहासात प्रसिद्ध आहे: ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कुठल्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा हक्क सांगू नये. ज्याच्या शब्दावर १९१४ साली एवढी भिस्त ठेवली, त्याला बारा वर्षांत असं सुनावलं. खलिफाविरुद्ध उभ्या राहिलेल्या याच निजामाने पुढे पदच्युत खलिफाला तनखा चालू केला, आणि १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात आपल्या दोन्ही मुलांची लग्नं खलिफाच्या मुलीशी आणि घराण्यातल्या दुसऱ्या राजकन्येशी लावली. इंग्रजांच्या तहापायी ज्या घराण्याशी वैर पत्करलं, त्याच्याशी असं नातं जोडलेलं पाहून मला त्या माणसाच्या कोंडमाऱ्याची कल्पना येते.

किल्ल्यातून बाहेर पडून मी बोरीच्या पुलावर गेलो. सोलापूर-हैदराबाद महामार्ग इथूनच जातो. ट्रक, ट्रॅव्हल्स, ऊस भरलेले ट्रॅक्टर यांची रांग तुटत नाही. १९४७ साली इंग्रज निघाले तेव्हा निजामाशी केलेले सगळे तह त्यांच्याबरोबर संपले. निजामाने जुन्या करारांची आठवण देऊन तक्रार केली, पण लंडनहून कोणी मदतीला आलं नाही. खर्ड्याला शोरने जे केलं, तेच माउंटबॅटनच्या वेळी झालं. दरम्यान निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या अत्याचारांनी या जिल्ह्यातली गावं होरपळत होती, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक निजामाविरुद्ध उभे राहिले होते. भारत सरकार आणि निजाम यांच्यातल्या नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने वर्षभराची मुदत दिली, ती पुरी होण्याआधीच १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गावर आली. हैदराबादच्या पायदळाने इथे पहिला प्रतिकार केला. दुसऱ्या शीख पलटणीने बोरीवरचा पूल ताब्यात घेतला, सकाळी रणगाडे जळकोटला पोचले आणि दुपारी तुकडी उमरग्याला. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवली.